ओळीचं पहिलं अक्षर

पाठांतरात प्रतिक्षा खोब्रागडेचा हात आमच्या वर्गात कुणीच धरू शकत नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. तिचा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला.

दोन हजार नऊची गोष्ट. भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात आम्ही बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. मी जवाहरनगरहून यायची. माझे वडील तिथल्या कारखान्यात होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. प्रतिक्षा करडीहून एसटीनं यायची. तिचे वडील परसराम मिस्त्रीकाम करायचे, आई तुळसाबाई रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत लोकांच्या बांध्यांमध्ये धान रोवायला जायची. घरात त्या दोघांपैकी कुणी दहावीपर्यंतही पोचलेलं नव्हतं. गावात कॉम्प्युटर होता तो ग्रामपंचायतीत, तोही प्लास्टिकखाली झाकलेला. म्हणून प्रतिक्षा प्रोग्राम पाठ करायची. संध्याकाळी विहारात वंदना आटोपली की तिथंच कोपऱ्यात बसून पुस्तकातला प्रोग्राम चार-पाचदा लिहून काढायची. कंस कुठं, अर्धविराम कुठं, सगळं जसंच्या तसं. लॅबमध्ये मशीन मिळालं की न बघता टाइप करायची. मशीनसमोर बसायचा वेळ थोडा, त्यातला अर्धा भारनियमनात जायचा. त्यामुळे तिला दुसरा मार्गच नव्हता.

आणि पुस्तक होतं गभणेंचं.

वेब प्रोग्रामिंगच्या पेपराला तेच एक पुस्तक लागलं होतं. प्राध्यापक खुशाल गभणे नागपूरला शिकवायचे, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर होते, पेपरही बहुतेक तेच काढतात असं सगळे म्हणायचे. पोरं पुस्तकाला नुसतं ‘गभणे’ म्हणायची. “आज गभणे आनला का?” असं. पुस्तकाचा पहिला भाग, पान कसं दिसावं याचा, बरा होता. त्यातलं सगळं चालायचं. दुसरा भाग जावास्क्रिप्टचा. पानावरचं बटण दाबलं की काहीतरी घडलं पाहिजे, ते घडवायचं कसं, याचा. आणि तिथून पुढे काहीच घडत नव्हतं.

प्रतिक्षा प्रोग्राम टाइप करायची, पान उघडायची, रकान्यात वय लिहायची, बटण दाबायची. पान तसंच. पुन्हा दाबायची. पान तसंच. मशीननं चूक दाखवली, शिवी दिली, तर निदान कळेल तरी. हे मशीन गप्प बसायचं. मग ती पुस्तक उघडून एकेका अक्षरावर बोट ठेवून ताडून बघायची, आणि सगळं जुळायचं.

“टायपिंग मिस्टेक असंल,” आमचे धर्मेंद्र सर म्हणायचे. ते तासिका तत्त्वावर होते, वयानं आमच्याहून फार मोठे नव्हते. “नीट पाहा.”

ती पुन्हा नीट बघायची.

बाकीच्यांचं चालायचं, कारण बाकीचे टाइपच करत नव्हते. लॅबमधल्या मशीनवर जुन्या सीनिअर पोरांच्या फाइली पडलेल्या होत्या. त्या कुणी केल्या, कुठून आणल्या, कुणाला ठाऊक नव्हतं. उघडायच्या, नाव बदलायचं, सरांना दाखवायचं. मीही तेच करत होते. प्रतिक्षाला मी दोनदा सांगितलं.

“दुसऱ्याचं दाखवून मले काय येईन?” ती म्हणाली. “मले बनवाचं हाये ना.”

दिवाळीनंतरच्या अंतर्गत परीक्षेत वर्गातून ती एकटी नापास झाली. निकाल बोर्डावर लागला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “रट्टा मारून प्रोग्रामिंग येत नाही बाई.” तिनं वळून बघितलं नाही. त्या आठवड्यात धर्मेंद्र सरांनी तिला बोलावून सांगितलं, की मुख्य परीक्षेत असंच झालं तर वर्ष अडकेल, विचार करून ठेव. ते चांगल्या मनानंच बोलले असतील. पण प्रतिक्षानं ते वेगळंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना ती मला म्हणाली, “मी सोडून राहिली वं भावना. बीए करीन बाहेरून. मायं डोकंच नाई या कामाचं.”

बारावीपर्यंत ही पोरगी तालुक्यात पहिल्या पाचांत असायची.

“रविवारी माझ्याकडे ये,” मी म्हटलं. “आमच्या घरच्या मशीनवर बसू. तिथं नाही झालं तर सोड.”

ती आली. आईनं पोहे केले, तिनं ते तसेच बाजूला ठेवले. तिनं प्रोग्राम टाइप केला, तोंडानं पुटपुटत, पुस्तक न उघडता. बटण दाबलं. काही नाही. मी पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचत गेले, ती पडद्यावर बघत गेली. सगळं बरोबर. बटण दाबलं. काही नाही. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की मला तिच्याशी बोलायची भीती वाटायला लागली. शेवटी तिनं रागानं माउस आपटला आणि पडद्यावर जिथं तिथं क्लिक करत सुटली. खाली डाव्या कोपऱ्यात एक बारीकसा पिवळा त्रिकोण होता. तो कायम असायचा, आम्हाला वाटायचं तो ब्राउझरचाच काहीतरी भाग आहे. त्यावर दोनदा क्लिक बसलं आणि एक खिडकी उघडली. चूक आहे, अमुक ओळीत आहे, असं तिच्यात लिहिलेलं.

इतके महिने मशीन बोलत होतं, आणि ते ऐकायचं कुठून हे पुस्तकात नव्हतं, सरांनी सांगितलेलं नव्हतं.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. ‘व्हार’ हा शब्द होता, ओळीच्या सुरुवातीला. मग तिनं पुस्तकाची पानं मागे उलटली. सुरुवातीला एक छोटा नमुना होता, एकाच ओळीत बसलेला, आणि तो मात्र चालायचा. त्यातही ‘व्हार’ होता. पण ओळीच्या मधे.

“इथं बारका व्ही हाये,” ती म्हणाली. “अन् तिथं मोठा.”

“मग? सुरुवातीला मोठंच असतं ना.”

“इंग्रजीत असते.” तिचा आवाज एकदम खाली गेला. “हे इंग्रजी कुठं हाये?”

तिनं मोठा व्ही खोडून लहान केला. खिडकी आता पुढची ओळ दाखवायला लागली. तिथं ‘इफ’. तोही मोठ्या अक्षरानं. तो लहान केला. मग ‘डॉक्युमेंट’. मग ‘फंक्शन’. ओळीचं पहिलं अक्षर, प्रत्येक ओळीचं. पुस्तक टाइप करणाऱ्याच्या मशीननं प्रत्येक ओळ म्हणजे एक वाक्य समजून पहिलं अक्षर आपोआप मोठं करून टाकलं होतं. पहिल्या भागाला त्यानं काही फरक पडत नाही. जावास्क्रिप्टच्या लेखी मोठा व्ही आणि लहान व्ही ही दोन वेगळी अक्षरं असतात.

तिनं बटण दाबलं. पडद्याच्या मधोमध टुण्णकन संदेशाची चौकट उमटली.

मी टाळी वाजवली. ती हसली नाही. तिनं चौकट बंद केली, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा चौकट आली. तिनं ओठ घट्ट मिटले होते.

“मी पाठ केलं ना हे,” ती म्हणाली. “चुकीचं पाठ केलं. अक्षर न् अक्षर. अन् मीच ढ हाओ असं समजून राहिली होती.”

सोमवारी ती थेट धर्मेंद्र सरांकडे गेली. मी सोबत होते. सरांनी ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं.

“मले माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून सर?” प्रतिक्षानं विचारलं.

“मागच्याच वर्षी लक्षात आलं होतं. अजून पण चुका आहेत. पण गभणे सर दरवर्षी इथं एक्स्टर्नल म्हणून येतात. पेपर त्यांचे, तपासणीत लोक त्यांचे. तू असं कर. प्रॅक्टिकलमध्ये लहान लिही, पेपरात पुस्तकातलं लिही. बोभाटा करू नको.”

“अन् बाकीच्या पोरींचं?”

“त्यांचं चाललंच आहे.”

“फाइल उघडून चाललं हाये सर. येत कोनाले हाये?”

सरांनी लोटलेलं दार उघडून दिलं. माझ्या मते त्यांना तिचा राग आला नव्हता. पुढच्या सत्रात त्यांना पुन्हा तास मिळतील की नाही, हे त्यांच्याच हातात नव्हतं.

प्रतिक्षानं बोभाटा केला नाही. तिनं दुसरंच केलं. कॉलेजच्या ग्रंथालयात ‘गभणे’च्या दहा-बारा प्रती होत्या. मधल्या सुट्टीत ती एकेक प्रत घेऊन बसायची आणि लाल पेननं दुरुस्त करायची. मोठ्या अक्षरावर काट, वर लहान अक्षर. कुठं दोन उण्या चिन्हांच्या जागी एक लांब रेघ छापली गेली होती, तिथं दोन उणे. शेवटच्या पानांवर पोचेपर्यंत तिला आणखी बऱ्याच चुका सापडल्या होत्या, आणि प्रत्येक दुरुस्ती ती आधी लॅबमध्ये चालवून बघायची, मगच पुस्तकात लिहायची. मी म्हटलं, “पकडली गेलीस तर?” ती म्हणाली, “पकडतील तं वाचतील तरी.”

ग्रंथालयातल्या टिकारामभाऊंनी तिला पकडलं तेव्हा निम्म्याहून जास्त प्रती झाल्या होत्या. टिकारामभाऊ पुस्तकांच्या बाबतीत फार कडक. त्यांनी सगळ्या लाल झालेल्या प्रती टेबलावर रचल्या आणि प्राचार्यांना बोलावून आणलं. ग्रंथालयाच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण, असा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानावर पडला. वडिलांना घेऊन ये, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, असं प्राचार्यांनी तिला बजावलं.

परसराम काका कामावरून तसेच आले. टाचांना सिमेंट लागलेलं. चपला दाराबाहेर काढून ते आत गेले आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेरच्या बाकावर होते.

“साहेब, पोरगी चुकली,” त्यांनी हात जोडले. “माफ करा.”

“बाबा, मी चुकली नाई.”

“तू चूप बस.”

प्राचार्यांनी कोरा कागद पुढे केला. प्रतिक्षानं उभ्याउभ्याच लिहिलं. प्राचार्यांनी वाचलं आणि म्हणाले, “हे दुसरं वाक्य काढून टाक.”

दुसरं वाक्य असं होतं, की पुस्तकात लिहायला नको होतं, पण जे लिहिलं ते बरोबर आहे.

मग मला परसराम काकांचा आवाज आला, अगदी हळू, “काढ बेटा.” आणि कागदावर पेन जोरात ओढल्याचा आवाज.

बसस्टँडवर आम्ही तिघंही माझ्या गाडीची वाट बघत उभे होतो. प्रतिक्षा म्हणाली, “तुमी काहून हात जोडले बाबा? मायं बरोबर होतं.”

“तुयं बरोबर हाये हे मले समजलं,” काका म्हणाले. “पन तुले परीक्षेले बसाचं हाये. साइटवर मी इंजिनिअरले रोज हो म्हनतो. भिंत तं सरळच बांधतो ना?”

“मंग मी पेपरात चुकीचं लिहू?”

काकांनी तिच्याकडे बघितलं. “ते मले इचारू नको. ते तू पाह्य.” मग माझी बस आली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लॅबमध्ये व्हायरस शिरला आणि सगळी मशीनं फॉरमॅट करावी लागली. सीनिअरच्या फाइली गेल्या. वर्गात एकच धावपळ उडाली. ज्यांनी वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतं, ते ‘गभणे’ घेऊन बसले. लाल केलेल्या प्रती प्राचार्यांच्या कपाटात कुलपात होत्या, उरलेल्या कोऱ्या प्रतींतूनच सगळे पाठ करत होते. प्रतिक्षा ज्याला-त्याला सांगत फिरली, पहिलं अक्षर लहान करा म्हणून. दोघा-तिघांनी ऐकलं. बाकीच्यांना वाटलं, ग्रंथालयात पकडली गेलेली पोरगी आता आपल्याला गोत्यात आणेल. एकीनं तर तोंडावर सांगितलं, “गभणे सर एक्स्टर्नल आहेत. त्यांच्या पुस्तकापेक्षा तुझं जास्त खरं का?”

प्रॅक्टिकलच्या दिवशी गभणे सर सकाळीच आले. ठेंगणे, पांढरा सफारी, बोलणं अगदी मऊ. टेबलावर त्यांचं पुस्तक होतं. आम्ही चिठ्ठ्या उचलल्या. बहुतेकांना तोच वयाचा प्रोग्राम आला होता: अठरापेक्षा कमी वय लिहिलं तर संदेश द्यायचा.

थोड्याच वेळात खोलीत नुसता बटणं दाबल्याचा आवाज यायला लागला. टक. टक. टक. कुठंच काही उमटत नव्हतं. मला नियम माहीत होता, तरी घाबरून मी दोन जागी मोठं अक्षर टाकलं होतं आणि ते कुठं हे सापडत नव्हतं. पिवळ्या त्रिकोणाची तर आठवणच झाली नाही. माझ्या पुढच्या रांगेत प्रतिक्षाच्या पडद्यावर चौकट दिसत होती.

गभणे सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“तू ती लाल पेनवाली का?”

“हो सर.”

“काय चुकलं होतं पुस्तकात?”

दारात धर्मेंद्र सर उभे होते, त्यांचा चेहरा उतरला.

“ओळीचं पहिलं अक्षर सर. सगळीकडं मोठं छापलं आहे.”

ते हसले. “ते छपाईचं असतं बेटा. विद्यार्थ्याला एवढं कळायला पाहिजे.”

“कसं कळन सर?” प्रतिक्षा शुद्ध बोलायचं विसरली. “घरी मशीन नाई. लॅबमंदी लाइट राहत नाई. आमच्याजवळ फक्त तुमचं पुस्तक हाये.”

खोलीतली बटणं थांबली. गभणे सरांनी तिला उठायची खूण केली, स्वतः तिच्या खुर्चीवर बसले, पुस्तक मागवलं आणि पानावरचा प्रोग्राम टाइप केला. अगदी जसाच्या तसा. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. त्यांनी चष्मा वर केला. तेवढ्यात वीज गेली. यूपीएस कीं कीं करायला लागला, आणि ती बॅटरी जेमतेम दहा मिनिटं चालायची.

सरांनी स्वतःच एकेक अक्षर लहान करत नेलं. शेवटी चौकट आली. ते त्या चौकटीकडे बघत बसले.

“मी हातानं लिहून दिलं होतं,” ते म्हणाले, आम्हाला नाही, स्वतःलाच. “प्रकाशकाच्या माणसानं टाइप केलं. प्रूफ मला दाखवलंच नाही.” मग मान वर करून, “पण इतक्या वर्षांत मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

“तुमाले कोन सांगन सर?” प्रतिक्षा म्हणाली.

त्यात उर्मटपणा नव्हता. पण त्यांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली, आणि मला वाटलं, संपलं हिचं. यूपीएसचा आवाज आता अंगावर येत होता. गभणे सर उठले. खोलीकडे बघून, पण कुणाच्याच डोळ्यांत न बघता, म्हणाले, “सगळ्यांनी ओळीचं पहिलं अक्षर लहान करा. लवकर. बॅटरी जाईल.”

पुढची काही मिनिटं कीबोर्डांशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग इथं एक चौकट उमटली, तिथं एक. माझी उमटली तेव्हा सर रांगांमधून भराभर फिरत हजेरीवर खुणा करत होते. शेवटच्या रांगेतल्या दोघांचं व्हायच्या आत मशीनं बंद पडली. त्या दोघांना त्यांनी वीज आल्यावर पुन्हा बसवलं.

जाताना ते प्रतिक्षाशी एक शब्द बोलले नाहीत. प्रॅक्टिकलला तिला चांगले गुण मिळाले. लेखी पेपरात तिनं सगळे प्रोग्राम बरोबर लिहिले, लहान अक्षरांत, आणि त्यात ती काठावर पास झाली. पुस्तकातलं उतरवून आलेल्यांना तिच्यापेक्षा बरेच जास्त पडले. धर्मेंद्र सरांनी निकालानंतर तिला फोन केला, “मी सांगितलं होतं,” म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसते फोन धरून राहिले, असं ती सांगते.

पुढच्या वर्षी पुस्तकाबरोबर एक पान वेगळं येऊ लागलं. शुद्धिपत्र. गभणे सरांनी ते स्वतः करून पाठवलं होतं, निदान नाव तरी त्यांचंच होतं. दोन रकाने: अशुद्ध आणि शुद्ध. तेही त्याच मशीनवर टाइप झालं असावं. दोन्ही रकान्यांत पहिलं अक्षर मोठंच होतं. एका ज्युनिअर पोरीनं ते आणून दाखवलं तेव्हा प्रतिक्षा स्टँडच्या बाकावर बसून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं ते पान घेतलं आणि पेन मागितला.

आता ती लाखांदूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मुलं खेड्यांतून एसटीनं येतात. छापील पुस्तक ती हातात घेऊ देत नाही असं नाही, पण त्यातला प्रत्येक प्रोग्राम आधी स्वतः चालवते. क्लासच्या मालकाला ते वेळ वाया घालवणं वाटतं आणि दोघांचं त्यावरून दर महिन्याला भांडण होतं. परवा फोनवर तिचा आवाज चढलेला होता. मालकानं नव्या बॅचसाठी न विचारता कुठलीशी पुस्तकं मागवली होती.

“मग काय करणार आहेस?” मी विचारलं.

“गठ्ठा खोलून बसली हाओ,” ती म्हणाली. “सातव्या पानावर आली. ठेव फोन.”